मलागासी भाषेतली मोजणी: आकडा एकं-दहं-शतंच्या क्रमाने कसा बोलायचा, ऐकायचा आणि लिहायचा

मादागास्करची मलागासी ही ऑस्ट्रोनेशियन कुळातली भाषा. तिचे एक ते दहा आकडे तासाभरात पाठ होतात. घोटाळा अकरापासून सुरू होतो आणि बाजारात किंमत ऐकताना पुरता उघडा पडतो. शिकणारे बहुतेक जण तीनच ठिकाणी चुकतात. मोठा आकडा डावीकडून लिहायला घेतात, जोडशब्द गाळतात, आणि हजाराच्या वरचे शब्द इंग्रजी किंवा फ्रेंच हिशेबाने समजून घेतात.

मराठी माणसाला यातलं काहीच अवघड जाऊ नये. ‘एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष’ ही ओळ ज्याच्या तोंडी बसली आहे त्याच्याजवळ मलागासी मोजणीचा आराखडा तयारच आहे. मलागासीत प्रत्येक स्थानाला वेगळा शब्द आहे आणि आकडा बोलायचा तो याच क्रमाने, एककापासून वर. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. विशेषतः चौथा टप्पा पक्का झाल्याशिवाय पैशांकडे वळू नका.

तयारी: उच्चार आधी, आकडे नंतर

मलागासी रोमन लिपीत लिहितात. इथे शब्द देवनागरीत आणि उच्चाराप्रमाणे दिले आहेत. छापील मजकूर समोर आला की या गोष्टी लक्षात ठेवा.

- ‘ओ’ अक्षराचा उच्चार ‘उ’. दहाला ‘फोलो’ नव्हे, ‘फुलु’ म्हणायचं.
- ‘जे’ अक्षराचा उच्चार ‘जरा’, ‘जग’ या शब्दांतल्या ‘ज’सारखा. ‘जीवन’मधला ‘ज’ इथे चालत नाही. हा दंत्य ‘ज’ मराठीत आयता आहे, तो बिनधास्त वापरा.
- ‘टी-आर’ ही जोडी ‘ट्रक’मधल्या ‘ट्र’च्या जवळची.
- ‘झेड’साठी इथे ‘झ’ लिहिला आहे. तो ‘झिम्बाब्वे’सारखा, हकार न लावता म्हणा.
- शब्दाच्या शेवटचा स्वर फार हलका असतो. ‘दिमि’ कानावर जवळजवळ ‘दिम्’ असा येतो.
- आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर. शब्दाच्या अखेरीस ‘क’, ‘न’ किंवा ‘ट्र’ असेल तर तो आणखी एक अक्षर मागे सरकतो. म्हणून ‘एफट्र’ आणि ‘आलिन’ यांत जोर पहिल्या अक्षरावर येतो.

दुसरी तयारी कागदाची. एका वहीत सात उभे रकाने आखा आणि उजवीकडून डावीकडे नावं लिहा: एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लाख, दशलाख. सुरुवातीला सगळा सराव याच पानावर करायचा.

इथली रूपं राजधानीभोवतालच्या पठारी बोलीची, म्हणजे प्रमाण मलागासीची आहेत. किनाऱ्यावरच्या बोलींत काही शब्द बदलतात. तिकडे अनेक ठिकाणी एकाला ‘राइकि’ म्हणतात. एक बोली पक्की होईपर्यंत दुसरीकडे जाऊ नका.

टप्पा १: एक ते दहा, आणि ‘एक’ची तीन रूपं

इराय (१), रुआ (२), तेलु (३), एफट्र (४), दिमि (५), एनिन (६), फितु (७), वालु (८), सिवि (९), फुलु (१०). शून्याला ‘आउट्र’.

‘एक’ची रूपं तीन आहेत. ओळीने मोजताना ‘इसा’ ऐकू येतं. वस्तूबरोबर ‘इराय’ लागतं. अकरा, एकवीस, एकतीस अशा जोडआकड्यांत ‘इराइक’ येतं. अकराला ‘इराय आंबिनि फुलु’ म्हटलं तर समोरच्याला कळेल, पण ते बरोबर नाही.

पडताळणी: नऊपासून एकपर्यंत उलटे म्हणून पाहा. पुढच्या कामात आकडा मधूनच सुचावा लागतो. एकपासून चढत गेल्याशिवाय सात सापडत नसेल, तर अजून या टप्प्यावरच थांबा.

टप्पा २: अकरा ते नव्याण्णव

आधी दशकं घ्या. ‘फुलु’चा पहिला ‘फ’ जोडताना ‘प’ होतो.

२० रुआपुलु, ३० तेलुपुलु, ४० एफापुलु, ५० दिमांपुलु, ६० एनिंपुलु, ७० फितुपुलु, ८० वालुपुलु, ९० सिविफुलु.

यात चार ठिकाणी लक्ष द्या. चाळीसमध्ये ‘ट्र’ गळतो. पन्नासमध्ये ‘दिमि’चं ‘दिमा’ होतं आणि मध्ये अनुनासिक येतं. साठमध्येही अनुनासिक आहे. नव्वदमध्ये ‘फ’ तसाच राहतो. ‘सिविपुलु’ हे रूप नाही.

आता मधले आकडे. अकरा ते एकोणीसला जोडशब्द ‘आंबिनि’, एकवीसच्या पुढे ‘आंबि’:

- ११ इराइक आंबिनि फुलु
- १२ रुआ आंबिनि फुलु
- १९ सिवि आंबिनि फुलु
- २१ इराइक आंबि रुआपुलु
- ४७ फितु आंबि एफापुलु
- ९९ सिवि आंबि सिविफुलु

एकक आधी, दशक नंतर. मराठीत एकवीस, सत्तेचाळीस याच क्रमाने येतात, म्हणून इथे आपल्याला काही उलटं करावं लागत नाही. इंग्रजीतून शिकलात तर मात्र मनात विनाकारण दोनदा उलटापालट होते. यासाठीच मलागासी आकडे थेट मराठीशी जोडा, मध्ये इंग्रजी आणू नका. एकोणतीस, एकोणचाळीसच्या जागी मात्र सांभाळा. मलागासीत ‘एकोण’ ही पद्धत नाही. २९ म्हणजे सरळ नऊ आणि वीस, ‘सिवि आंबि रुआपुलु’.

इशारा: १२ आणि २० दोन्ही ‘रुआ’ने सुरू होतात. भरभर बोलताना ‘रुआ आंबिनि फुलु’ एकच शब्द असल्यासारखं ऐकू येतं. ‘आंबि’ कानावर पडलं का, एवढंच धरा. पडलं तर बेरीज, नाही तर वीस.

टप्पा ३: शंभर ते नऊशे

शंभर म्हणजे ‘झातु’. पुढे जोडताना ‘झ’चा दंत्य ‘ज’ होतो आणि त्याआधी ‘न’ येतो:

२०० रुआन्जातु, ३०० तेलुन्जातु, ४०० एफाजातु, ५०० दिमान्जातु, ६०० एनिन्जातु, ७०० फितुन्जातु, ८०० वालुन्जातु, ९०० सिविन्जातु.

‘न’ नसलेलं रूप फक्त चारशेचं.

जोडशब्दाचा नियम इथे बदलतो. १०१ ते १९९ मध्ये ‘आंबि’च चालतं: १०१ ‘इराइक आंबि झातु’, १५० ‘दिमांपुलु आंबि झातु’, १२५ ‘दिमि आंबि रुआपुलु आंबि झातु’. दोनशेच्या पुढे शतकाआधी ‘सि’ येतं: ३४५ म्हणजे ‘दिमि आंबि एफापुलु सि तेलुन्जातु’. एकक आणि दशक यांच्यामधलं ‘आंबि’ मात्र कायम राहतं. ते ‘सि’ने बदलू नका.

पडताळणी: ४१९ स्वतः बांधा. ‘सिवि आंबिनि फुलु सि एफाजातु’ आलं तरच पुढे जा.

टप्पा ४: हजारापासून दहा लाखांपर्यंत

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या.

हजाराला ‘अरिवु’. राजधानी अंतानानारिवो हिच्या नावाच्या शेवटी हाच शब्द आहे. दहा हजाराला ‘आलिन’, लाखाला ‘हेत्सि’, दहा लाखांना ‘तापिट्रिसा’. ‘हेत्सि’तला ‘ह’ बोलताना बहुधा गळतो आणि ‘एत्सि’ ऐकू येतं.

आता वहीतले रकाने बघा. दहं फुलु, शतं झातु, सहस्र अरिवु, दशसहस्र आलिन, लक्ष हेत्सि, दशलक्ष तापिट्रिसा. प्रत्येक रकान्याला एक शब्द. दशसहस्रासाठी रोजच्या मराठीत आपल्याला ‘दहा हजार’ अशी जोडी करावी लागते, मलागासीत सुटा शब्द आहे. त्यामुळे ४५,००० ला ‘पंचेचाळीस हजार’ असं बांधायला जाऊ नका. तिथे पाच हजार आणि चार आलिन होतात: ‘दिमि अरिवु सि एफट्र आलिन’.

आणखी एक बारकावा. ‘फुलु’, ‘झातु’, ‘अरिवु’ यांच्याआधी ‘एक’ लागत नाही. आलिनपासून पुढे लागतो: इराय आलिन, इराय हेत्सि, इराय तापिट्रिसा.

सगळी यंत्रणा एका आकड्यात बघू. ३,४५,६७८ घ्या.

१. एकक आणि दशक: वालु आंबि फितुपुलु (७८)
२. शतक: सि एनिन्जातु (६००)
३. हजार: सि दिमि अरिवु (५,०००)
४. दशहजार: सि एफट्र आलिन (४०,०००)
५. लाख: सि तेलु हेत्सि (३,००,०००)

सलग म्हटलं तर: वालु आंबि फितुपुलु सि एनिन्जातु सि दिमि अरिवु सि एफट्र आलिन सि तेलु हेत्सि. संस्कृतात ‘अङ्कानां वामतो गतिः’ म्हणतात, म्हणजे अंक डावीकडे सरकत जातात. इथे ते शब्दशः घडतं.

ऐकून लिहिताना

बोलणारा लहान स्थानापासून सुरुवात करतो. आकडा किती मोठा आहे हे शेवटचा शब्द येईपर्यंत कळत नाही. म्हणून कागदाच्या उजव्या कडेपासून लिहायला लागा आणि डावीकडे सरका. आधी सगळं ऐकून मग लिहू, असं ठरवलं तर पाच तुकड्यांचा आकडा लक्षात राहत नाही.

ज्या स्थानाचं नाव आलंच नाही तिथे शून्य भरा. ‘दिमि सि रुआ अरिवु’ ऐकलं तर पाच एकक, दोन हजार. दशक आणि शतक बोललेच गेले नाहीत, म्हणून २००५. ‘दिमांपुलु सि अरिवु’ म्हणजे १०५०.

इशारा: जोडशब्द नसेल तर गुणाकार, असेल तर बेरीज. ‘तेलु अरिवु’ म्हणजे तीन हजार. ‘तेलु सि रुआ अरिवु’ म्हणजे २००३. एक ‘सि’ निसटला की आकडा पार बदलतो. बोलताना ‘सि’ स्पष्ट म्हणा आणि त्याच्या आधी किंचित थांबा. ऐकणाऱ्याला तेवढ्याने फार सोपं जातं.

पडताळणी: वर्षांवर सराव करा. मादागास्कर २६ जून १९६० रोजी स्वतंत्र झालं. तारीख ‘एनिन आंबि रुआपुलु’, वर्ष ‘एनिंपुलु सि सिविन्जातु सि अरिवु’. १९४७ हे साल आपल्याला स्वातंत्र्याचं म्हणून माहीत. मादागास्करमध्ये त्याच वर्षी २९ मार्चला फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव सुरू झाला आणि तो दिवस तिथे पाळला जातो. तिथे १९४७ असं उच्चारतात: ‘फितु आंबि एफापुलु सि सिविन्जातु सि अरिवु’. स्वतःचं जन्मवर्ष असंच न अडखळता म्हणता आलं की हा टप्पा झाला.

टप्पा ५: आकडा वस्तूच्या आधी की नंतर

मराठीत आकडा नेहमी आधी. मलागासीत मोजायची वस्तू आधी, आकडा नंतर: ‘बुकि तेलु’ तीन पुस्तकं, ‘उलुन दिमि’ पाच माणसं, ‘अकुहु रुआ’ दोन कोंबड्या. अनेकवचनासाठी शब्द बदलत नाही.

माप, काळ आणि पैसा यांत मात्र आकडा एककाच्या आधी जातो: ‘तेलु आंद्रु’ तीन दिवस, ‘रुआ ताउन’ दोन वर्षं, ‘रुआ किलाउ’ दोन किलो, ‘अरिवु आरिआरि’ हजार आरिआरि (आरिआरि हे तिथलं चलन). मोजायची वस्तू सोबत असेल तर ती सगळ्यांच्या पुढे येते.

बाजारात तांदूळ बहुधा ‘कापुआक’ या मापाने मिळतो. आटीव दुधाच्या रिकाम्या डब्याचं हे माप आहे, आणि एका किलोत साधारण साडेतीन कापुआक बसतात. तांदळाला ‘वारि’. तीन कापुआक तांदूळ हवे असतील तर ‘वारि तेलु कापुआक’ म्हणा.

किती नग हे विचारायला ‘फिरि’. किंमत विचारायला ‘उहाट्रिनुन’. यांची अदलाबदल करू नका.

टप्पा ६: पैसे, आणि पाचपटीचा सापळा

चलन आरिआरि. १ जानेवारी २००५ पासून त्याने मलागासी फ्रँकची जागा घेतली, दर पाच फ्रँकला एक आरिआरि. एका आरिआरिचे भाग शंभर नाहीत, पाच आहेत. त्या भागाला ‘इराइंबिलांजा’ म्हणतात, म्हणजे जुन्या एका फ्रँकइतकी रक्कम. दैनंदिन व्यवहारात तो आता उरलेला नाही, पण फ्रँकमध्ये किंमत सांगायची सवय अनेकांना, विशेषतः वयस्क विक्रेत्यांना, अजून आहे. यात फसवणूक नाही, त्यांचा तोंडी हिशेबच तसा आहे.

‘दिमि अरिवु सि इराय आलिन’, म्हणजे पंधरा हजार, ऐकलं आणि ते फ्रँक असतील, तर द्यायचे तीन हजार आरिआरि. क्रम असा ठेवा:

१. आकडा उजवीकडून लिहून घ्या.
२. ‘आरिआरि सा फ्रां?’ असं विचारा. ‘सा’ म्हणजे ‘की’.
३. फ्रँक असतील तर पाचाने भागा.
४. आरिआरितली रक्कम मोठ्याने म्हणून दाखवा.
५. समोरच्याने मान डोलावली की पैसे काढा.

इशारा: तिसरी पायरी दुसरीच्या आधी करू नका. भाव फार वाटला म्हणून तो फ्रँकमध्येच असेल, असं स्वतःच ठरवून पाचवा हिस्सा पुढे करणं विक्रेत्याला अपमानास्पद वाटू शकतं.

छापील आकड्यांबद्दल दोन शब्द. तिथे फ्रेंच पद्धत आहे: हजारांच्या गटांमध्ये मोकळी जागा आणि दशांशासाठी स्वल्पविराम. पाटीवर ‘३,५’ दिसलं तर ते साडेतीन. लिहिताना गट तीन-तीन अंकांचे, पण बोलताना शब्द स्थानागणिक. डोळ्यांना ‘२५० ०००’ दिसतं, तोंडाने म्हणायचं ‘दिमि आलिन सि रुआ हेत्सि’. अडीच लाख म्हणून वाचलंत तर शब्द चटकन सापडतात. ‘अडीचशे हजार’ म्हणून वाचलंत तर अडकाल.

टप्पा ७: कितवा, कितीदा

‘पहिला’ वेगळा आहे: वुआलुहानि. पुढे ‘फाहा’ लावा: फाहारुआ, फाहातेलु, फाहादिमि. आकडा स्वराने सुरू होत असेल तर ‘फाहा’चा शेवटचा ‘आ’ जातो: फाहेफट्र (चौथा), फाहेनिन (सहावा). बारावा म्हणताना ‘फाहा’ पहिल्या शब्दालाच लागतं: फाहारुआ आंबिनि फुलु.

‘कितीदा’साठी ‘इन’. दोनदा ‘इंद्रुआ’, तीनदा ‘इंतेलु’. सातदा ‘इंपितु’, आठदा ‘इंबालु’, दहादा ‘इंपुलु’. ‘फ’चा ‘प’ होणं दुसऱ्या टप्प्यात आलंच आहे. ‘व’चा ‘ब’ होतो. एकदा म्हणजे ‘इंद्राय मांदेहा’, ते वेगळं पाठ करा.

फ्रेंच आकडे कानावर आले तर

शहरात दूरध्वनी क्रमांक, तारखा, वेळा आणि मोठ्या किमती पुष्कळदा फ्रेंचमध्ये सांगितल्या जातात, वाक्य मलागासी असलं तरी. फ्रेंच आकडा मोठ्या स्थानापासून सुरू होतो. मलागासीच्या सवयीने उजवीकडून लिहायला घेतलंत तर सगळं उलटं पडेल. पहिला शब्द कोणत्या भाषेतला आहे हे ओळखा, मग हात कागदाच्या कोणत्या कडेला न्यायचा ते ठरवा. गोंधळ वाटला तर रक्कम लिहून दाखवायची विनंती करा. त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

सराव

दुसऱ्याला वाचायला सांगा, तुम्ही रकान्यांत लिहा.

अ) दिमांपुलु आंबि झातु
आ) दिमि सि रुआ अरिवु
इ) रुआन्जातु सि दिमि अरिवु सि फितु आलिन
ई) दिमि आलिन सि रुआ हेत्सि
उ) सिवि आंबि सिविफुलु सि सिविन्जातु

उत्तरं: अ) १५०, आ) २००५, इ) ७५,२००, ई) २,५०,०००, उ) ९९९.

‘आ’ला २५०० लिहिलं असेल तर तुम्ही ‘दिमि’ आणि ‘दिमान्जातु’ यांत गल्लत केली, टप्पा ३ पुन्हा करा. ‘इ’ला ५७,२०० आलं असेल तर अरिवु आणि आलिन यांचे रकाने बदलले. ‘ई’ला पाच लाख वीस हजार आलं असेल तर अजून डावीकडून लिहिता आहात. पुढचे दहा आकडे पेन कागदाच्या उजव्या कडेला टेकवूनच ऐका.